दोराला लावलेला हात

हॅलिबट मासा धरायचा म्हणून मी गळ हातात घेतला, आणि ज्या किनाऱ्यावर उभी राहून मी तो धरत होते तिथे हॅलिबट नव्हताच. हे कळायला मला दोन महिने लागले.

त्याचं असं झालं. आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी बाबांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणायचं ठरवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच लंडनमधल्या स्टॅनमोरहून साउथ वेल्समध्ये आलो होतो. स्टॅनमोरला निदान देऊळ होतं, कढीपत्ता मिळत होता, गणपतीला मराठीतून भांडणारी माणसं होती. इथे काय, तर वारा आणि समुद्र. पण समुद्र होता, आणि बाबा मालवणकडचे, सगळा जन्म रापणीत घालवलेले. मला वाटलं, हा समुद्र तरी त्यांना परका वाटणार नाही.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी मोठं जाळं समुद्रात गोल टाकून येते आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. ते दोर गाव ओढतं. नियम एकच: दोराला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा. त्यानं किती जोर लावला ते कोणी विचारत नाही. मी दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जाताजाता दोराला हात लावलाय आणि संध्याकाळी आईनं त्या वाट्याचे चार बांगडे तळलेत. कोणी आजारी पडून घरी राहिला, तर त्याचाही वाटा वाळूवर वेगळा काढतात आणि घरी नेऊन देतात. बाबा अशी कितीतरी घरं फिरून यायचे. पाठीमागून मी.

मी त्यांची एकुलती एक. बारावीनंतर मुंबई, मग लंडन. आईचं शेवटचं दर्शन मी मोबाइलच्या पडद्यावर घेतलं, तेही मधेमधे अडकत. ते मला अजून सलतं. त्यामुळे बाबांच्या बाबतीत माझी एकच इच्छा होती. सहा महिने राहून जाताना त्यांनी म्हणावं, पुढच्या वर्षी येतो. एवढं वाक्य मला हवं होतं आणि त्यासाठी मी वाटेल ते करायला तयार होते.

म्हणून ते यायच्या आधी, फेब्रुवारीत, मी मासेमारी शिकायला लागले. कॅलिफोर्नियातल्या लोकांचे व्हिडिओ बघून. टोप्या घातलेले ते दांडगे बाप्ये गुडघाभर फेसात उभे राहून रबराचा मासा लांब फेकतात, हळूहळू ओढतात आणि पाटाएवढा चपटा मासा बाहेर काढतात. आपल्याकडे लेप नावाचा मासा असतो तसाच चपटा, फक्त रुंद. हॅलिबट म्हणतात त्याला. मी नऊ फुटी काठी घेतली, रीळ घेतलं, बारीक विणलेली दोरी घेतली, डबाभर रबरी मासे घेतले. नवरा नागपूरचा. म्हणाला, "तुला स्वयंपाकघरातला कोळी मारता येत नाही. मासा काय तुझ्या धाकानं वर येणारे का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

दोन महिने मी थंडीनं बधिर होऊन समुद्रात रबर फेकलं आणि शेवाळ ओढून आणलं. शेवटी शेजारच्या आजोबांना दया आली. निवृत्त ट्रेन-ड्रायव्हर, जन्म या किनाऱ्यावर गेलेला. मी काय धरतेय असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते इतके हसले की त्यांना कुंपणाला धरावं लागलं. म्हणाले, हॅलिबट हवा असेल तर नॉर्वेच्या बाजूला खोल पाण्यात बोट घेऊन जा. इथे पाय भिजवून टर्बट मिळेल, फ्लाउंडर मिळेल, तेही नशीब असेल तर. पण चपटे सगळे एकाच जातीचे आळशी, धरायची रीत तीच, चल दाखवतो.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती माझ्या कानाखाली वाजवल्यासारखी होती. ते म्हणाले, तू रोज माशांच्या डोक्यावर उभी राहून पलीकडे फेकतेस. चपटा मासा गुडघाभर पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडलेला असतो. आधी कोरड्यात उभं राहायचं आणि पायापासचं पाणी तपासायचं. ओहोटीला येऊन वाळूत खळगे कुठे आहेत ते बघून ठेवायचं, भरती चढताना तिथेच परत यायचं. रबराचा मासा तिरका टाकायचा, तळाला टेकू द्यायचा, थोडा ओढायचा, थांबायचं, की वाळूचा धुरळा उडतो आणि खालचा आळशी जागा होतो. लागला की घाई नाही. रिळाचा ब्रेक सैल ठेवायचा, त्याला पळू द्यायचं. लाट आत आली की तिच्याबरोबर ओढायचं, परत गेली की सोडायचं. आणि दोरीला हातानं धरायचं नाही, कधीच नाही. ती बोट कापते, आणि हातानं अडवली की ढील मिळत नाही, मग तुटते.

एप्रिलमध्ये बाबा आले. नवऱ्याचं जाडजूड जॅकेट, वर स्वतःची माकडटोपी, अशा थाटात मी त्यांना किनाऱ्यावर नेलं. त्यांनी आधी लांबवर इकडे बघितलं, मग तिकडे. एकेका माणसाच्या हातात एकेक काठी, मधे शंभर पावलांचं अंतर, कोणी कोणाशी बोलत नाही.

"एकट्यान कसली गो मासेमारी?" ते म्हणाले. मग माझा डबा उघडून बघितला. "आणि ह्यां काय? प्लास्टिकाचो मासो? माश्याक फसवतंस?"

"बाबा, गळाला खरा मासा लावला तरी फसवणंच आहे ते."

"तेका निदान खाऊक तरी गावता," ते म्हणाले आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

पण समुद्राकडे पाठ करून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आठवडाभरात ते मला सांगायला लागले. "थंय टाक, थंय पाणी काळा दिसता." मी टाकलं आणि तिसऱ्या फेकीला माझा पहिला फ्लाउंडर आला, तळहाताएवढा. आजोबा लांबून टोपी हलवत होते. लहान होता म्हणून मी सोडला, तर बाबांचा चेहरा असा झाला, जणू मी दारी आलेल्या पाहुण्याला हाकललंय. "सोडतंस कित्याक गो?" पुढे त्यांना ते पटलं नाही तरी सवयीचं झालं. जूनमध्ये चांगला एक मिळाला. त्यांनी डब्यातल्या नारळाच्या दुधात, सोबत आणलेली तिरफळं घालून त्याचं तिखलं केलं. आजोबांना वाटीभर पाठवलं. आजोबांनी वाटी परत करताना त्यात घरचे टोमॅटो घातले, तेव्हा बाबा पहिल्यांदा म्हणाले की ही माणसं बरी आहेत.

ते हळूहळू सावरत होते. सकाळी माझ्या आधी उठून चहा टाकायचे. भांडी घासायचे, मशीन असताना. नवऱ्याबरोबर क्रिकेट बघताना दोघं मिळून अंपायरला शिव्या द्यायचे. आणि ऑगस्टमध्ये एकदा मासा कापता कापता सुरी आपटून म्हणाले, "फुडच्या वर्साक येताना आडाळो हाडतलंय. तुमच्या सुऱ्येन मासो कापणा नाय."

आडाळो म्हणजे विळी. नवरा म्हणाला, बाबा, विळी घेऊन विमानात बसलात तर आपली भेट पोलिस स्टेशनात. ते दोघं हसत होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला माझं वाक्य मिळालं होतं.

ते मी तीन आठवड्यांत घालवलं.

सप्टेंबरमधला रविवार होता, दुपारची भरती. चार-पाच लोक काठ्या घेऊन उभे होते, आजोबाही होते. खळग्याच्या कडेनं मी रबर ओढत होते आणि ते थांबलं. शेवाळ असावं असं वाटलं. मग शेवाळ चालायला लागलं. रीळ ओरडत होतं आणि काठी वाकली होती. आजोबा धावत आले. "टर्बट! मोठा आहे! घाई करू नकोस." मी घाई केली नाही. लाट आली की ओढलं, गेली की सोडलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. शेवटी तो उथळ पाण्यात उलटा झाला आणि त्याचं पांढरं पोट दिसलं. ताटाहून मोठा होता. त्याच वेळी परतीची लाट त्याला मागे घेऊन निघाली.

आणि बाबा पाण्यात धावले. सत्तरी ओलांडलेला माणूस, बुटांसकट. काठीच्या पुढे जाऊन त्यांनी ताणलेली दोरी दोन्ही हातांनी धरली, उजव्या हाताला वेढा घेतला, टाचा वाळूत रोवल्या आणि अंग मागे टाकून ओढलं. जन्मभर जसं ओढलं तसं.

दोरी तुटल्याचा आवाज होत नाही. काठी एकदम हलकी होते, बस.

मी तापट आहे, हे मला माहीत आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी मी जे बोलले ते रागात बोलले असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण मी सगळं नीट शब्द लावून बोलले. "हात लावू नका म्हणून कितीदा सांगितलं होतं! तुमची रापण नाही ही! इथे तुमचं काही काम नाहीये, बाबा!" त्या लोकांना मराठी येत नव्हतं. पण सगळे दुसरीकडे बघायला लागले.

बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलंय गो." मग त्यांनी उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला आणि बाहेर आले.

गाडीपाशी पोचल्यावर मला खिशाचं कापड ओलं दिसलं. पाणी समजून मी जॅकेट काढायला सांगितलं. दोन बोटं आतून चिरली होती, चांगली खोल. आजोबांनी त्यांच्या डब्यातली पट्टी काढून बांधली. बाबांनी त्यांना थँक यू म्हटलं. माझ्याकडे हात दिलाच नाही.

त्यानंतर ते पाच आठवडे होते. घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ते विचारायला लागले. केटल लावायची तरी, "ह्येका हात लावू?" रिमोट, फ्रीज, खिडकीची कडी. चिडून नव्हे, टोमणा म्हणूनही नव्हे. टोमणा असता तर मी भांडले असते आणि दोघंही मोकळे झालो असतो. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्याला इथलं कळत नाही, आपल्या हातून काहीतरी मोडेल. मी म्हणायचे, अहो विचारता काय, घर तुमचंच आहे. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. किनाऱ्यावर चला म्हटलं की वारा आहे म्हणायचे. मी माफी मागितली नाही. रोज ठरवायचे, उद्या नीट बसून बोलू. माफी मागायला आपण मुहूर्त बघतो आणि ओरडायला बघत नाही.

विमानतळावर मी म्हटलं, "पुढच्या वेळी आडाळो आणायचा हं, बाबा." त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. "बघूया," म्हणाले.

पुढच्या वर्षी पासपोर्टचं काहीतरी होतं. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघे. फोनवर आम्ही हवा आणि माशांचे भाव बोलायचो. या फेब्रुवारीत चुलत भावाचा फोन आला की सकाळी ते उठलेच नाहीत. मी तिसऱ्या दिवशी पोचले. यावेळी पडद्यावरही दर्शन मिळालं नाही.

सुतक फिटल्यावर रापणीचा तांडेल घरी आला. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या, बाबांच्याच वयाचा. त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तो मी ओळखला, बाबांबरोबर मीच पाठवला होता, त्यावर मेंढ्यांचं चित्र होतं. तांडेलानं तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ह्यो तुझो वाटो."

आत सुके बांगडे होते, मीठ लावून नीट रचलेले.

मला काही कळेना. मग तो सावकाश सांगायला लागला. बाबा परत आल्यापासून रोज दोराला यायचे. अंगात ओढण्याची ताकद राहिली नव्हती, नुसते दोराला दोन्ही हात लावून उभे राहायचे. वाटे घातले की स्वतःचा घ्यायचे आणि आणखी एक मागायचे, मुलीचा. लोक थट्टा करायचे, की ती इंग्लंडात बसलीय, तिचा हात कुठे लागला दोराला? तेव्हा बाबा आधी डावा हात वर करायचे आणि मग उजवा, चिरल्याची खूण असलेला.

"तुझो बापूस म्हणायचो, ह्यो हात माझो, नि ह्यो बायचो," तांडेल म्हणाला. बाय म्हणजे मी.

मग कोणी थट्टा केली नाही. वाटा मिळत राहिला. ताजा मासा मला पोचणार कसा, म्हणून ते तो खारवून वाळवायचे आणि डब्यात भरायचे. जुना झाला की शेजारी वाटायचे आणि पुन्हा भरायचे. आणि ती खूण कसली असं कोणी विचारलं की सांगायचे, "बायन एवढो मासो धरलेलो. मी मधी हात घातलंय नि घालवलंय." एवढंच. मी काय बोलले ते त्यांनी गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. तांडेलाला वाटत होतं, मी तेव्हा बापाला जवळ घेतलं असेल.

मी त्याला खरं सांगितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

डबा मी इकडे घेऊन आले. वासानं नवऱ्याचे हाल झाले, पण त्यानं नुसत्या खिडक्या उघडल्या. मी ते बांगडे पुरवून पुरवून खाल्ले, मे महिन्यापर्यंत.

काठी मी त्या रविवारपासून गॅरेजमध्ये टाकली होती. या सप्टेंबरमध्ये काढली. नवरा म्हणाला मी पण येतो आणि थर्मास घेऊन पालथ्या बादलीवर बसला. आजोबा आता चालत नाहीत फार, ते खिडकीतून हात करतात. मी कोरड्यात उभी राहिले, पाणी काळं कुठे दिसतं ते बघितलं आणि तिथे टाकलं. तासाभरानं ते जड झालं. तेवढा मोठा नव्हता, पण टर्बट होता, ठेवण्यासारखा. मी ब्रेक आणखी सैल केला.

"इकडे ये," मी नवऱ्याला म्हटलं. "हात लाव."

"मी? तूच म्हणतेस ना, मधे लुडबुडायचं नाही."

"लाव म्हणते ना. काठीला लाव, माझ्या हातावर."

त्यानं थर्मास वाळूत ठेवला आणि काठीवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. त्याला ते कशासाठी ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. दोन लाटा आम्ही तसेच उभे होतो. मासा आला.

घरी तो मी सुरीनं कापला, विळी नव्हतीच. तीन वाटे केले. नवऱ्यानं ओट्यावरचे तुकडे बघितले, माझ्याकडे बघितलं आणि खणातून फ्रीझरची पिशवी आणि पेन काढलं. आमच्याकडे पिशवीवर नाव आणि तारीख लिहायची पद्धत आहे. "काय लिहू?" त्यानं विचारलं. मी सुरी धुवायला घेतली. त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि पिशवी तशीच खालच्या कप्प्यात ठेवली.

रापणीत जो येऊ शकला नाही त्याचा वाटा घरी नेऊन देतात. हा कुठे नेऊन द्यायचा ते मला माहीत नाही, म्हणून तो अजून तिथेच आहे.